डावं पेडल

जुनी सायकल पुन्हा उभी करायची म्हटलं की माणसं आधी तारेचा ब्रश आणि पॉलिशचा डबा आणायला धावतात. पहिली चूक इथेच होते. धाकटीने ती केली नाही. तिने सायकल भिंतीला टेकवली आणि चारी बाजूंनी फोटो काढले. साखळी कुठून जाते, ब्रेकची तार कुठल्या कडीतून येते, कुठल्या नटाखाली किती वायसर आहेत, सगळं. वस्तू सुटी करणं कुणालाही जमतं, रडायची वेळ येते ती जोडताना, हे तिला बावीस वर्षं चष्मे दुरुस्त करून चांगलंच ठाऊक होतं.

धाकटी म्हणजे काही कुक्कुलं बाळ नव्हे. चव्वेचाळीस वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून पाटावर बसून काम करणारी. पण घरात एकदा धाकटी झालं की माणूस म्हातारा झाला तरी धाकटाच राहतो. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. तिथे ती दिवसभर तिळाएवढे स्क्रू चिमट्याने उचलायची. हाताला सवय होती, डोळ्याला सवय होती. सायकलीचे नट तिला त्या मानाने भोपळ्याएवढे वाटत होते.

सायकल होती बीएमएक्स. वीस इंची चाकं, जाड गुठळ्यांचे टायर, उंच हँडल, त्याच्या आडव्या नळीवर स्पंजची पिवळी उशी आणि पुढे प्लॅस्टिकची पाटी, तिच्यावर सत्तावीस आकडा. मातीच्या ढिगाऱ्यांवरून उड्या मारायला केलेली पोरांची सायकल. पस्तीस वर्षांपूर्वी ती दादाची होती, तिच्या थोरल्या भावाची.

ती सापडली बाबांच्या वर्कशॉपच्या माळ्यावर. बाबा टर्नर. आयुष्यभर लेथवर लोखंड कातत आले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हात थरथरायला लागला तेव्हा कुठे लेथ विकला आणि महिन्यापूर्वी लेकीकडे राहायला आले. वर्कशॉप रिकामं करताना माळ्यावर ताडपत्रीत गुंडाळून तारेने करकचून बांधलेलं काहीतरी निघालं. धाकटीने तार कापली आणि आतून पिवळं चाक डोकावलं.

"भंगारात टाक ते," बाबा म्हणाले.

आता हे बोलणारा माणूस कोण? ज्याने जन्मात एक वापरलेला नट फेकला नाही तो. वाकडे खिळे सरळ करून डब्यात ठेवणारा. तिथेच धाकटीला शंका यायला हवी होती. पण तिला वाटलं, म्हाताऱ्याला ती सायकल बघवत नाही, आणि ते खरंही होतं. न बघवण्याचं कारण मात्र तिने भलतंच धरलं होतं.

घरातल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी होती. दादा पंधरा वर्षांचा असताना गावाबाहेरच्या मैदानावर शर्यत झाली. तिसऱ्या ढिगाऱ्यावरून त्याने उडी घेतली, सायकल खाली टेकली, आणि त्याच क्षणी डाव्या पायाखालचं पेडल निखळून पडलं. पाय जमिनीवर, वर सायकलीचा भार. गुडघ्याचा चुरा झाला. दोनदा ऑपरेशन झालं आणि शेवटी डावा पाय बोटभर आखूड राहिला.

हॉस्पिटलमध्ये बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "पेडल आवळलं नव्हतंस ना?"

"आवळलं होतं, बाबा. सकाळीच आवळलं होतं."

"खोटं बोलू नकोस. पाय गेला तो गेला, वर खोटं बोलतोस?"

तेव्हापासून दादा निष्काळजी ठरला आणि खोटारडाही. बाकीचं काम धाकटीने केलं. तिने त्याला नाव ठेवलं, 'ढिल्या'. नऊ वर्षांच्या पोरीची ती अक्कल, पण घरादाराने ते नाव डोक्यावर घेतलं. नळ टपकत राहिला, ढिल्या गेला असेल. बरणीचं झाकण निघालं, ढिल्याचं काम. आई तर तो मोठा, नोकरीला लागलेला झाला तरी दार लावून तो आत आला की आतून ओरडायची, "नीट लावलंस ना रे?" दादा तसाच वळायचा. परत जायचा, कडी ओढून बघायचा. एकदा, दोनदा, तीनदा. मग घरात हशा पिकायचा. बाबा तेव्हा वर्कशॉपमध्ये असायचे.

पुढे तो दोन तासांच्या अंतरावरच्या शहरात गेला आणि लिफ्ट तपासणारा झाला. दोर तपासायचा, ब्रेक तपासायचा आणि शेवटी सही करायची. त्याच्या सहीशिवाय मोठमोठ्या इमारतींतल्या लिफ्ट हलत नसत. आई सहा वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर तो वर्षातून दोनदा यायचा, दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा, बाबांशी हवापाण्याचं बोलायचा आणि तासाभरात उठायचा. बापलेक भांडत नव्हते. भांडले असते तर बरं झालं असतं.

म्हणून धाकटीने सायकल उभी करायचं मनावर घेतलं. दादा पन्नाशीला आला होता. सायकलीच्या निमित्ताने का होईना, हे दोघे एका खोलीत तासापेक्षा जास्त वेळ बसतील, एकाच्या हातात पाना आणि दुसऱ्याच्या हातात नट असेल, असं तिला वाटत होतं. तिने दादाला फोटो पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. तिला वाटलं, गाढवपणा केला आपण. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "हँडलची उशी आहे अजून?" थोड्या वेळाने दुसरं. "पुढच्या रविवारी येतो. सकाळी येईन. जेवायला थांबेन."

धाकटीने ते चारदा वाचलं. जेवायला थांबेन! तिने दुकानात मागच्या खोलीत एकटीनेच टाळी वाजवली.

काम सुरुवातीला सुतासारखं सरळ चाललं. रोज संध्याकाळी दुकानातून आली की ती मागच्या खोलीत जुनी चादर अंथरायची. सुटा झालेला प्रत्येक भाग एकेका जुन्या चष्म्याच्या पेटीत जायचा. पेटीवर चिठ्ठी. मागचा ब्रेक. सीटचा बोल्ट. हँडलचा नट, खाली दोन वायसर. हँडलवरचा गंज तिने अॅल्युमिनियमचा चमकीचा कागद पाण्यात बुडवून घासला आणि खालून क्रोम असं लखलखीत निघालं की तिला त्यात आपलं नाक दिसलं. पिवळी उशी साबणाच्या पाण्यात भिजली आणि पाणी चहासारखं झालं. बाबा दारातून जाता येता बघायचे. एरवी कुणी चुकीचा पाना धरला तर अंगाचा तिळपापड होणारा माणूस, पण इथे चकार शब्द नाही.

घोडं अडलं ते डाव्या पेडलपाशी.

आता हे डाव्या पेडलचं प्रकरण काय असतं ते सांगायलाच हवं, कारण सगळं त्यावरच आहे. कुठलाही स्क्रू, नट, बरणीचं झाकण घ्या. घड्याळाच्या काट्यांबरोबर फिरवलं की आवळतं, काट्यांविरुद्ध फिरवलं की सुटतं. सायकलीचं उजवं पेडलही तसंच. डावं मात्र बरोबर याच्या उलट. त्याचे आटेच उलटे पाडलेले असतात, कारण सरळ आटे असले तर पाय मारता मारता ते आपोआप सैल होत जातं आणि एक दिवस निखळतं. डावं पेडल आवळायचं काट्यांविरुद्ध आणि सोडायचं काट्यांबरोबर. सायकलवाल्याच्या पोरालाही हे माहीत असतं. धाकटीला ते दादाने शिकवलं होतं, स्वतःचं मनगटी घड्याळ पेडलशेजारी धरून.

तर तिने पाना लावला आणि काट्यांबरोबर जोर केला. हललं नाही. तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा जोर. पाना सटकला आणि बोटांची सालटी निघाली. पेडल निघालंच नाही तर म्हणून तिने पेडल लागतं तो दांडाच दुसरा मागवून ठेवला. तिसऱ्या संध्याकाळी तिने पान्यावर लोखंडी पाइप चढवून अख्खं वजन टाकलं. नाकी नऊ आले, पण पेडल ढिम्म. शेवटी वैतागून तिने विचार केला, आधी जरा उलटं आवळून बघू, गंज मोडला तर मोडला. तिने काट्यांविरुद्ध एक झटका दिला.

चर्र झालं आणि पेडल सुटलं.

तिने पाना बाजूला ठेवला. मग हाताने फिरवत गेली. काट्यांविरुद्ध, काट्यांविरुद्ध. पेडल सरळ बाहेर आलं, बरणीच्या झाकणासारखं. तिने त्याचे आटे दिव्याखाली धरले. ते उलटे नव्हते. मग तिने क्रँक बघितला, म्हणजे ज्या लोखंडी दांड्याला पेडल लागतं तो. त्याचं भोक मोठं करून आत दुसऱ्या लोखंडाचं कडं बसवलेलं होतं, इतकं सफाईने की जोड नखाला लागत नव्हता. कड्याला आतून सरळ आटे पाडलेले. तोंडाजवळचे दोन आटे फाटले होते. म्हणजे निखळलेलं पेडल नंतर कुणीतरी काट्यांबरोबर आवळून परत बसवलं होतं.

तिने भिंग आणलं. कड्याच्या काठावर, गंजाखाली, शेजारी शेजारी दोन टिंबं होती.

ती टिंबं तिने आयुष्यभर पाहिली होती. दरवाजाच्या कडीवर, आईच्या शिलाई मशीनच्या चाकावर, गावभरच्या पंपांवर. बाबा केलेल्या प्रत्येक कामावर लोखंडी पंच ठोकून दोन टिंबं मारायचे. "ही माझी सही," म्हणायचे. दोन टिंबं असलेलं काम बिघडून परत आलं, तर ते कुणाचं चुकलं हे न विचारता पुन्हा करून द्यायचे. असा त्यांचा लौकिक होता.

पण एवढ्यावर भागलं नाही. तिला त्या शर्यतीआधीच्या सकाळी आठवल्या. दादा पायऱ्यांपाशी सायकल उलटी करायचा आणि ती वरच्या पायरीवर बसून बघायची. बाबांनी त्याला सांगितलं होतं, "डावं पेडल रोज बघत जा. रोज आवळत जा. विसरू नकोस." आणि तो विसरत नव्हता. पाना लावायचा, डाव्या पेडलला आवळतात तसा काट्यांविरुद्ध फिरवायचा आणि म्हणायचा, "बघ, आजही थोडं आवळलं गेलं. रोज थोडं थोडं घेतंय."

घेत नव्हतं. सुटत होतं. रोज सकाळी, आपल्या हाताने, बापाच्या आज्ञेवरून, पंधरा वर्षांचा पोर ते पेडल सोडवत होता. शर्यतीच्या सकाळी त्याने जरा जास्तच जोर लावला होता. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो खोटं बोलला नव्हता. आणि तिने त्याचं नाव ठेवलं होतं ढिल्या.

ती चादरीवरच बसून रडली. शरमेने रडली आणि मग तिला इतका राग आला की रडणं थांबलं.

बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसले होते. तिने सायकलीवरून उतरवलेला क्रँक आणि पेडल त्यांच्यासमोर ठेवलं. मटारांच्या ढिगाशेजारी ते काळं, तेलकट लोखंड.

"हे काय आहे, बाबा?"

"क्रँक आहे." त्यांनी वर बघितलं नाही.

"आत कडं कुणी बसवलं?"

"असेल कुणीतरी. जुनी सायकल ती."

"दोन टिंबं आहेत त्यावर."

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्यांनी अंगठा कड्याच्या काठावरून फिरवला. बघायची गरज नव्हती, त्यांच्या अंगठ्याला कळत होतं.

"त्याने सैल पेडल तसंच चालवलं होतं," ते म्हणाले. "क्रँकचे आटे खाल्ले होते. शर्यत पाच दिवसांवर. दुसरा क्रँक मिळेना. म्हणून मी भोक मोठं करून कडं बसवलं. आता आत उलटे आटे पाडायला उलटा टॅप लागतो, आटे कापायचं हत्यार. तो माझ्याकडे नव्हता. मागवला असता तर पंधरा दिवस."

"म्हणून सरळ पाडलेत."

"पेडलचा आसही नवा केला, सरळ आट्याचा. म्हटलं, पोरांची सायकल, पाच दिवसांचा प्रश्न, रोज आवळलं की झालं. नंतर टॅप आला की नीट करू."

"आणि त्याला सांगितलं नाहीत? आटे बदललेत म्हणून?"

बाबा शेंगेचं देठ खुडत राहिले.

"बाबा, तो कुठल्या बाजूने आवळणार होता? तुम्हीच शिकवलं होतंत ना त्याला, डावं पेडल कसं आवळतात ते?"

"सुचलं नाही," बाबा म्हणाले. "खरं सांगतो, तेव्हा सुचलं नाही. मला वाटलं, आवळ म्हटलं की आवळेल. हॉस्पिटलमध्ये तो म्हणाला ना, सकाळीच आवळलं होतं, तेव्हा डोक्यात उजेड पडला. आणि मग..." त्यांनी हातातली शेंग टेबलावर ठेवली. "सगळे उभे होते तिथे. तुझी आई उभी होती. मी दोन टिंबांचा माणूस."

"म्हणून त्याला खोटारडा केलंत."

"एकदाच म्हणालो."

"एकदाच पुरलं!"

म्हाताऱ्यावर ओरडलं की आपल्यालाच वाईट वाटतं, आणि धाकटीलाही वाटलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही. "दादा रविवारी येतोय. त्याला सांगा."

"आता काय उपयोग? पस्तीस वर्षं झाली. पाय काही लांब होणार नाही त्याचा."

"पायाचं कोण बोलतंय?"

बाबांनी क्रँक तिच्याकडे सरकवला. आवाज खाली आणून, शेजारच्या घरात कुणी ऐकू नये अशा बेताने म्हणाले, "दुसरा क्रँक मागवलायस ना तू? तो लाव. रविवार नीट जाऊ दे. तो जेवायला थांबणार आहे. सहा वर्षांत थांबला नाही."

तिथेच त्यांनी तिला बरोबर पकडलं. कारण तिलाही तेच हवं होतं. शनिवारी दुसरा क्रँक आला, तसाच जुना, दुसऱ्या कुणाच्या सायकलीतून काढलेला, चांगला घासलेला. त्याला लागणारी पेडलंही होती. तिने तो हातात घेऊन बघितला. जुना क्रँक पिशवीत घालून कचऱ्यात टाकायचा, हा बसवायचा, बस्स. रविवारी तिघे मिळून साखळी चढवतील, जेवतील, दादा एखादा विनोद करील, बाबा हसतील. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. ज्याचं बिघडलं होतं त्याला त्याची सवय झाली होती.

तिने जुना क्रँक पिशवीत घातला. पिशवीला गाठ मारली. दहा मिनिटांनी गाठ सोडली. मग पेडल क्रँकमध्ये घातलं आणि काट्यांबरोबर, होता नव्हता तो सगळा जोर लावून आवळून टाकलं. आता ते का केलं, दादाला सत्य कळावं म्हणून की बाबांना पळायला वाट राहू नये म्हणून, हे तिचं तिला माहीत. मला विचाराल तर दोन्हीसाठी.

दादा आला तो साडेनऊलाच. धाकटी खिडकीतून बघत होती. त्याने गाडी लावली, डाव्या पायाला जपत उतरला, दार लावलं आणि हँडल ओढून बघितलं. एकदा, दोनदा, तीनदा. इतकी वर्षं तिला ते बघून हसू यायचं.

मागच्या खोलीत सायकलीचा सांगाडा दोरीने टांगलेला होता आणि खाली चष्म्याच्या पेट्यांची रांग. दादाने ते पाहिलं आणि पन्नास वर्षांच्या माणसाचा चेहरा एकदम पोरासारखा झाला. "अगं, हे काय दवाखाना काढलायस की काय सायकलीचा!" तो म्हणाला. एकेक पेटी उघडून चिठ्ठ्या वाचू लागला. सत्तावीस नंबरची पाटी त्याने शर्टाच्या बाहीने पुसली. पिवळी उशी नाकाशी नेली. "साबणाचा वास येतोय. तेव्हा घामाचा यायचा."

बाबा दारात उभे होते. दादाने स्वतः खुर्ची ओढली. "बसा ना बाबा. तुमच्याशिवाय कुणाला येतंय यातलं." बाबा बसले. दादाने चाकाचा आस त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो फिरवून कानाशी धरला. "बेअरिंगच्या गोळ्या बदलाव्या लागतील," ते म्हणाले. "बदलू," दादा म्हणाला. तासभर असा गेला. असा तास त्या तिघांच्या वाट्याला पस्तीस वर्षांत आला नव्हता, आणि धाकटीला वाटलं, आत्ता उठावं आणि तो क्रँक चादरीखाली सरकवावा.

तिला उशीर झाला. दादाने तो उचलला होता.

"पेडल काढलं नाहीस अजून?"

"नाही," ती म्हणाली.

"दे, मी काढतो. पाना दे पंधराचा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत हुकूम नव्हता, विनवणी होती. झाकून टाक, काहीतरी बोल, चहा कर. धाकटीने पाना दिला.

दादाने क्रँक मांडीवर आडवा धरला, पाना लावला आणि काट्यांबरोबर जोर केला, डावं पेडल सोडतात तसा. हललं नाही. त्याने बसायची जागा बदलली. आखूड पाय जमिनीवर रोवला, पुन्हा जोर केला. मानेच्या शिरा फुगल्या. "जाम झालंय साफ," तो धापा टाकत म्हणाला. "पाइप आहे का गं?" तिने पाइप दिला. पाइप लावून त्याने अंग टाकलं तसा तो पाय सटकला, गुडघा खुर्चीच्या कोपऱ्यावर आपटला आणि तो कळवळला.

"पुरे," बाबा म्हणाले.

"निघेल, बाबा. असं कसं निघत नाही."

"पुरे म्हणतो ना." बाबांचा आवाज फाटला. "दुसऱ्या बाजूनं फिरव."

दादा हसला. "अहो बाबा, डावं आहे हे."

"माहीतय मला डावं आहे. दुसऱ्या बाजूनं फिरव."

दादाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे. ती मान खाली घालून होती. त्याने पाना काढून पुन्हा लावला आणि काट्यांविरुद्ध दाबला. जरासा कुरकुर आवाज झाला आणि पेडल सुटलं. तो फिरवत राहिला. पेडल पूर्ण बाहेर आल्यावर आटे बघितले, कड्याच्या आत बोट घातलं, फाटलेल्या आट्यांवरून फिरवलं. रोज यंत्रं तपासणारा माणूस तो. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. मग त्याने क्रँक उजेडाकडे वळवला आणि त्याला ती दोन टिंबं दिसली.

दादाने पाना हातात नसताना, नुसत्या मुठीने, हवेत एकदा फिरवल्यासारखं केलं. काट्यांविरुद्ध. पायऱ्यांपाशी करायचा तसं.

"मी आवळलं होतं, बाबा," तो म्हणाला. "त्या दिवशी सकाळी."

"हो," बाबा म्हणाले. "आवळलं होतंस."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तेव्हाच. हॉस्पिटलमध्ये."

दादाने मान हलवली, दुकानदाराने एखादी वस्तू शिल्लक नाही म्हणून सांगावं आणि आपण बरं म्हणावं तशी. "आईला सांगितलं होतंत?"

बाबांनी हातातला चाकाचा आस खाली ठेवला.

"शेवटी? ती आजारी असताना? मी रोज येत होतो तेव्हा, ती मला रोज विचारायची, गॅस बंद केलास ना रे, दार लावलंस ना रे. तेव्हा तरी?"

"नाही," बाबा म्हणाले. "नाही सांगितलं."

धाकटीला वाटलं, आता तो ओरडेल. ओरडावं असं तिला मनापासून वाटत होतं. तो ओरडला नाही. त्याने पेडल क्रँकमध्ये परत घातलं, या खेपेला काट्यांबरोबर, हाताने, शेवटपर्यंत. उठला आणि ते सगळं बाबांच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुमचं काम आहे," तो म्हणाला. "सही तुमची आहे."

मग तो चष्म्याच्या पेट्या गोळा करू लागला. धाकटीने त्याला खोकं आणून दिलं. दोघांनी मिळून सांगाडा, चाकं, हँडल, नवा क्रँक, सगळं गाडीच्या डिकीत भरलं. "घरी करीन मी," तो म्हणाला. "फोटो पाठव मला, सगळे. कुठे काय लागतं त्याचे."

"दादा, मी तेव्हा ते नाव..."

"तू नऊ वर्षांची होतीस," तो म्हणाला. पण तिच्याकडे बघून नाही म्हणाला.

जेवायला तो थांबला नाही. मटारची भाजी तशीच झाकून राहिली.

ती घरात आली तेव्हा बाबा खिडकीशी उभे होते, क्रँक छातीशी धरून. सदऱ्याला तेलाचे डाग पडले होते. बाहेर दादाने डिकी बंद केली आणि ओढून बघितली. मागे झाला, परत आला, ओढून बघितली. गाडीच्या पुढच्या दारापर्यंत गेला, थांबला आणि तिसऱ्यांदा परत आला.

"हा तीन तीनदा काय बघतो?" बाबांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी त्याला जाताना कधी पाहिलंच नव्हतं.

"तुम्हीच सांगितलं होतंत त्याला," धाकटी म्हणाली. "रोज बघत जा म्हणून."